श्रीसंत गोरोबाकाका आणि त्यांचे थापटणे

चैत्र वद्य त्रयोदशी ही श्रीसंत गोरोबाकाकांची पुण्यतिथी. शके १२३९, म्हणजे इसवी सन १३१७ मध्ये, या तिथीस काका तेर येथे समाधिस्थ झाले असे आपल्या संप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या मानीत आले आहेत. जन्म शके ११८९ चा, म्हणजे १२६७ चा सांगतात. श्रीनामदेवरायांचा जन्म शके ११९२ चा आणि ज्ञानोबामाउलींचा बहुतेक ठिकाणी शके ११९७ चा धरतात. तेव्हा एकत्र जमणाऱ्या त्या मेळ्यात गोरोबा वडील ठरले आणि सगळे त्यांस काका म्हणू लागले. आता नामदेवरायांहून वडील म्हणजे किती, तर अवघी तीन वर्षे! तीन वर्षांनी कुणी काका होत नाही हो. वयापेक्षा घर, प्रपंच, सोसलेले दुःख आणि हाताखालून गेलेली माती यांनी हा मनुष्य काका झाला, असे आम्हांस वाटते. त्या दुःखाकडे पुढे येऊच.

आधी गावाचे सांगू. तेर हे तेरणा नदीच्या काठी, धाराशिवापासून सुमारे दहा कोसांच्या आत. या धाराशिवास मध्यंतरी उस्मानाबाद म्हणत. २०२३ पासून सरकारदरबारीही जुने नाव परत आले. तेर म्हणजे प्राचीन तगर नगर. पहिल्या शतकात कुणा ग्रीक खलाशाने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या व्यापाराची जी पोथी लिहून ठेवली, तीत पैठण आणि तगर ही दोन्ही नावे आहेत. पैठणाहून तगर पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर, आणि तेथून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जाते, असे त्यात नोंदले आहे. गावात त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ आहे. ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे असे जाणते म्हणतात. उत्खननात निघालेल्या आणि गावकऱ्यांनी जपलेल्या वस्तू तेथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात ठेवल्या आहेत. त्यांत भाजल्या मातीच्या बाहुल्या आहेत, मणी आहेत, मातीची भांडी आहेत. म्हणजे गोरोबांच्याही आधी हजार-बाराशे वर्षे या गावात कुणीतरी चाक फिरवीत होता, आवा लावीत होता. त्या कुंभारांची नावे राहिली नाहीत, त्यांची खापरे राहिली. नाव राहिले ते एकाचे.

वडील माधवबुवा आणि आई रखुमाई. दोघे गावच्या काळेश्वराचे निस्सीम भक्त. आठ मुले झाली आणि आठही गेली, असे कथा सांगते. मग पांडुरंग ब्राह्मणाच्या वेषाने दारी आला आणि पुरलेली लेकरे त्याने उठविली. त्यांतला शेवटचा तो गोरा. गोरीतून, म्हणजे पुरलेल्या खड्ड्यातून निघाला म्हणून गोरा. या नावाची उपपत्ती कुणी मानो वा न मानो, पण एवढे ध्यानात ठेवावे की ज्याच्या जन्मकथेतच लेकरू मातीत जाते आणि मातीतून येते, त्याच्याच आयुष्यात पुढे तसेच घडले.

आमचे शिक्षण पाठशाळेतले. तर्कसंग्रह मुखोद्गत करताना घट आणि पट या दोन शब्दांनी आमचे बालपण खाल्ले. घटाला माती हे समवायी कारण, कुंभार हे निमित्त कारण, त्याचा दंड आणि चक्र हीही निमित्तेच. कच्चा काळसर घट आव्यात जाऊन लाल होतो, तेव्हा पालट नेमका कोठे होतो यावर तर मोठा वाद. वैशेषिक म्हणतात, आगीने घट अणूअणूंपर्यंत सुटतो, अणू लाल होतात, आणि घट नव्याने जुळतो. नैयायिक म्हणतात, छे, घट जसाच्या तसा राहून सगळाच पिकतो. एकाचे नाव पीलुपाक, दुसऱ्याचे पिठरपाक. या वादात शास्त्री मंडळींनी रात्री घालविल्या. पण उठून शेजारच्या कुंभारवाड्यात जाऊन विचारावे, असे कुणाच्या मनात आल्याचे ऐकिवात नाही. गोरोबांचे चरित्र सांगायचे तर मात्र कुंभारवाड्यात गेल्याशिवाय भागत नाही. कीर्तनाच्या निमित्ताने गावोगाव हिंडताना आम्ही पुष्कळ वेळा चाकाशेजारी बसलो आहोत. तेथे पाहिलेले येथे सांगतो.

माती आणायची ती तळ्याच्या गाळाची किंवा चांगली चिकण. ती वाळवायची, बडवायची, चाळायची, आळ्यात भिजत घालायची. मग तीत राख आणि गाढवाची लीद कालवायची. ती नसली तर मडके वाळता वाळताच तडकते. शिवाय लीद भाजणीत जळून जाते आणि मडक्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पाणी पाझरते, पाझरलेले वाऱ्याने उडते, आणि उडता उडता आतले गार करून जाते. माठातल्या पाण्याचे गारपण ते असे. पण या सगळ्याच्या मध्ये एक काम आहे आणि ते सर्वांत कंटाळवाणे. ते म्हणजे माती तुडविणे. कडेपासून मध्यापर्यंत आणि मध्यापासून कडेपर्यंत, टाचेने दाबीत, गोल गोल. यात डोळ्यांचे काम नाही. खडा आहे की नाही ते तळपायाला कळते. एक बारका खडा राहिला किंवा हवेचा एक बुडबुडा राहिला, तर आव्यात मडके फुटते. तास तास हे चालते. पाय आपोआप पडतात, अंगाला लय लागते आणि मन मोकळे राहते. मोकळे राहिलेले मन कुणाचे कोठे जाते, कुणाचे कोठे. गोरोबांचे विठोबाकडे गेले.

त्या दिवशी संती पाण्याला गेली. गोरोबांची थोरली पत्नी ती. रांगते लेकरू अंगणात होते. जाताना तिने नवऱ्याला सांगितले, याच्याकडे लक्ष असू द्या. गोरोबा आळ्यात उभे राहून माती तुडवीत होते आणि मुखाने नाम चालले होते. लेकरू बापाकडे रांगत आले. मऊ ओल्या मातीत उतरले. आणि त्या पायांना, ज्या पायांना बारीक खडा कळत असे, त्या पायांना आपले लेकरू कळले नाही.

संती घागर घेऊन आली तेव्हा आळ्यातली माती लाल झाली होती.

कथा पुढे जाते, पण आम्ही येथे थांबतो. कित्येक कीर्तनकार हा भाग एका दमात सांगून मोकळे होतात आणि थेट पंढरपुरास जाऊन पोचतात, कारण तेथे मूल परत येणार असते. श्रोतेही सुटतात. एका गावी सप्ताहात हे आख्यान आम्ही लावले होते. कीर्तन संपल्यावर एक वृद्ध माउली पायरीशी येऊन म्हणाली, महाराज, लेकरू आलं हो माघारी, पण ते येईस्तवर मधल्या रात्री तिनं कशा काढल्या असतील? उत्तर आम्ही दिले नाही, देण्यासारखे नव्हतेच. तिला नमस्कार केला. तेव्हापासून या आख्यानात संतीला आम्ही अधिक वेळ देतो.

संतीने विठोबाला शिव्या दिल्या. नवऱ्याला बोलली, त्याच्या देवाला बोलली, आग लागो त्या भजनाला म्हणाली. कोणती आई म्हणणार नाही? गोरोबांना लेकराचा धक्का बसण्याआधी देवाची निंदा कानी पडली, आणि ते चाकाचा दांडा घेऊन तिला मारायला धावले. संतचरित्रात हा प्रसंग जसा आहे तसाच सांगावा, गुळगुळीत करू नये. तेव्हा तिने विठोबाचीच आण घातली, की मला हात लावाल तर. पाहा कसे आहे! क्षणापूर्वी ज्याला शिव्या दिल्या, त्याच्याच नावाचा आसरा घ्यावा लागला, आणि तो आसरा पुरला. दांडा तेथेच खाली आला. पुढे गोरोबांनी तिला कधी बोटही लावले नाही. रागाने नव्हे, आण पडली म्हणून.

येथून कथा अवघड वळण घेते. दिवस गेले, महिने गेले, वंश खुंटतो की काय ही चिंता संतीला लागली. माहेरी जाऊन तिने धाकटी बहीण रामी हिला मागितली आणि नवऱ्याचे दुसरे लग्न लावून दिले. निरोप देताना सासऱ्यांनी साधा व्यवहार सांगितला, की दोघींना सारखे वागवा, अंतर देऊ नका. गोरोबांनी तो शब्द अक्षरशः घेतला. एकीला स्पर्श नाही, तर दुसरीलाही नाही. दोघी बहिणी थकल्या. एके रात्री गोरोबा निजले असता त्यांनी त्यांचे हात उचलून आपल्या अंगावर ठेवले. जाग आल्यावर गोरोबांना कळले, की हातांनी आण मोडली. त्यांनी दोन्ही हात तोडून टाकले.

हे ऐकून आजच्या तरुण वारकऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावी. हात तोडणे ही कुणी करून पाहण्याची गोष्ट नव्हे. महिपतिबुवांनीही ती कित्ता म्हणून लिहिलेली नाही. शके १६८४, म्हणजे १७६२ साली, ताहराबादकरांनी भक्तिविजय पुरा केला आणि हे आख्यान घराघरांत नेले. पण एक गोष्ट कुंभाराच्या अंगाने पाहावी लागते. कुंभाराने हात देणे म्हणजे नुसते दोन अवयव देणे नव्हे. चाक थांबले, आवा थांबला, बलुते थांबले. गावकी चालते ती देण्याघेण्यावर. वर्षभर गावाला मडकी द्यायची आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणायचे. मडके नाही तर धान्य नाही. दोन बायका, एक बिनहाताचा नवरा, आणि गेलेले लेकरू, असे ते घर उरले.

मग विठू नावाचा कुंभार दारी आला. संगे त्याची बायको आणि एक गाढव. काम द्या म्हणाला. विठू म्हणजे कोण, त्याची बायको कोण, हे श्रोत्यांना आधीच ठाऊक असते, आणि गरुडाचे गाढव झाले म्हटले की मंडपात हशा पिकतो. तो हशा चांगला आहे. इतक्या रडण्यानंतर मंडळींना तो हवाच असतो. पण त्या हशात एक गोष्ट निसटते. देव आला तो वर द्यायला आला नाही. गोरोबांच्या घरी काम पडून होते, ते करायला आला. माती तुडवायला आला. ज्या आळ्यात ते घडले, त्याच आळ्यात देवाने पाय ठेवला असणार. आख्यानकार तसे म्हणत नाहीत, पण कुंभाराच्या अंगणात आळे दुसरे कुठून येणार?

आषाढी आली. गोरोबा दोघी बायकांसह पंढरीस गेले. वाळवंटी नामदेवरायांचे कीर्तन उभे होते. नामाचा गजर झाला, सगळ्यांचे हात वर झाले, टाळी झाली. गोरोबांनीही आपली थोटे वर केली, आणि हात फुटले. मग संतीने हंबरडा फोडला, आणि गर्दीतून तिचे लेकरू रांगत तिच्याकडे आले. तिच्याकडे, हे विसरू नये. हात बापाला मिळाले आणि लेकरू आईला. आण सोडविली तीही देवानेच. आणि सबंध आख्यानात पांडुरंग संतीला तिच्या शिव्यांबद्दल एका शब्दानेही बोलत नाही.

हे आख्यान मराठी मुलुखापुरते राहिले नाही. तेर हे कानडी आणि तेलुगू मुलुखाच्या शेजारचे. तिकडेही गोरा कुंभार घरोघरी ठाऊक आहे. १९७४ साली कानडीत त्यांच्यावर भक्त कुंबार हा बोलपट निघाला आणि राजकुमार या नामांकित नटाने गोरोबांचे काम केले. कर्नाटकातून वारीस येणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांनी तो पाहिलेला असतो.

आता थापटण्याची गोष्ट. संतमेळा गोरोबांच्या घरी उतरला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानकाका, मुक्ताबाई, नामदेवराय, सगळे. कोपऱ्यात लाकडी थापटणे पडले होते. लहानग्या मुक्ताबाईंनी विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने आम्ही मडकी थापटतो, कच्चे कोणते ते कळते. मुक्ताबाई म्हणाल्या, मग आम्हीही मडकीच आहोत, आमचे पाहा. काका उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणे टाकीत चालले. सगळे गप्प बसले. नामदेवरायांच्या डोक्यावर पडले तसे ते रागावले. देव ज्यांच्याशी बोलतो, ज्यांच्या हातचा नैवेद्य जेवतो, त्यांच्या डोक्यावर कुंभाराने थापटणे मारावे! काकांनी निवाडा दिला, की एवढे मडके कच्चे आहे. सगळे हसले, नामदेवराय उठून पंढरीस गेले आणि देवापुढे रडले. देवानेही कुंभाराचाच निवाडा उचलून धरला आणि गुरू करायला सांगितले. मग औंढ्या नागनाथास विसोबा खेचरांची भेट झाली. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांची ती कथा सर्वश्रुत आहे. ती येथे लावीत नाही.

कुंभारवाड्यात बसल्यावर मात्र या कथेत एक गोम दिसते. भाजलेले मडके पक्के की कच्चे हे पाहायला कुंभार थापटणे घेत नाही. बोटाच्या पेराने टिचकी मारतो. खणखणीत वाजले की पक्के, बद्द वाजले की कुठे तरी चीर आहे. बाजारात आपली आजी तेच करीत असे. थापटण्याचे काम निराळे. चाकावरून दोऱ्याने कापून उतरविलेले मडके बुडाला जाड, अंगाला ओबडधोबड असते. ते अर्धवट सुकले की कुंभार आतून दगडाचा गुंडा धरतो आणि बाहेरून थापटण्याने हलके हलके थापटतो. थापटता थापटता बूड गोल होते, अंग पातळ होते आणि घडण येते. आतला हात नसेल तर बाहेरच्या एका फटक्यात मडके चेपेल. म्हणजे थापटणे हे मुळी कच्च्या मडक्याचेच हत्यार!

हे एकदा लक्षात आले की काकांचा निवाडा आमच्या कानांना निराळा ऐकू येऊ लागला. नामदेवरायांना नापास करून घराबाहेर घालविले, असा तो नाही. आव्यातून काढलेले मडके फुटले तर त्याचे खापर होते. पुन्हा कितीही पाणी घाला, त्याची माती होत नाही. कच्चे मडके बिघडले तर भिजवून पुन्हा चाकावर चढविता येते. कच्चे म्हणणे म्हणजे अजून घडविता येईल असे म्हणणे. बाहेरचा फटका काकांचा. आतला हात कुणाचा होता ते नामदेवरायांस औंढ्याला कळले. आणि नामदेवरायांचे थोरपण असे, की ही आपली फजिती पुढल्या लोकांनी विसरावी असे त्यांनी मुळीच होऊ दिले नाही. संप्रदायातल्या कीर्तनाचा ज्यांनी पाया घातला, त्यांच्याच डोक्यावरच्या थापटण्याची गोष्ट त्यांचीच गादी चालविणारे कीर्तनकार सातशे वर्षे सांगत आहेत.

काकांचे अभंग आज वीसएक उपलब्ध आहेत. थोडे आहेत, पण बहुतेक निर्गुणाचे. आकार मोडून पडल्यावर जे उरते त्याचे. त्यांतल्या काहींत ते नामदेवरायांना जवळ घेऊन, नाव घेऊन सांगतात. ज्यास कच्चा म्हटले त्यालाच हृदयीचे गूज सांगितले. त्यांत लेकराचा उल्लेख नाही, हातांचा नाही, संतीचाही नाही. ते दुःख काकांनी अभंगात आणले नाही. लोकांनी ते कथेत जपले.

काकांचा काळ धामधुमीचा. १२९६ साली माउली आळंदीस समाधिस्थ झाल्या आणि त्याच सुमारास अल्लाउद्दिनाची फौज देवगिरीवर आली. काकांनी देह ठेवला तेव्हा यादवांचे राज्य शेवटच्या घटका मोजीत होते. राज्ये गेली, पण मडकी कुणाच्या राज्यात लागत नाहीत? संक्रांतीला सुगड, अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला करा, नवरात्रात घट, दिवाळीत पणती, लग्नात बोहल्याभोवती मडक्यांच्या उतरंडी, आणि शेवटच्या वाटेवर खांदेकऱ्यांच्या पुढे चालणारे विस्तवाचे मडके. त्यात तांब्या-पितळेचे चालत नाही. आता घरोघर शीतपेटी आली, डेरे-रांजण गेले, दूध-ताक प्लास्टिकच्या पिशवीत आले. कुंभारवाड्यांत विजेवर फिरणारी चाके आली आणि पुष्कळ घरे गणपतीच्या मूर्तींवर वर्ष काढतात. मुलगा शिकून बाहेर पडला की बाप म्हणतो, बरे झाले. त्यास दोष कोण देईल? दिवसभर माती तुडवून पाहावी म्हणजे कळेल.

तेरला तेरणेच्या काठी, काळेश्वराच्या देवळाशेजारी काकांची समाधी आहे. गावात त्यांचे राहते घरही दाखवितात. चैत्र वद्यात यात्रा भरते, दिंड्या येतात, कीर्तने होतात आणि शेवटी काला होतो. काल्याची हंडी आजही मातीचीच असते. आदल्या दिवशी कुणीतरी ती बाजारातून आणतो. आणताना बोटाच्या पेराने वाजवून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी दही-लाह्या भरून फोडण्यासाठी टांगतो.